परसबागेंतील काकडी व नत्राचा जमाखर्च

काकडी हें घरोघरच्या ओळखीचें पीक आहे. विहिरीच्या कांठीं, न्हाणीच्या पाटाशेजारीं किंवा सांदवाडींत मांडव घालून दहा-वीस वेल लाविले म्हणजे घरच्या कोशिंबिरीची सोय होते आणि दोन-चार काकड्या शेजारींहि देतां येतात. परंतु आपल्या वर्धा जिल्ह्यांत एक तक्रार पुष्कळ ठिकाणीं ऐकूं येते. वेल मांडवभर पसरतो, पानें गर्द हिरवीं व तळहाताहून मोठीं होतात, आणि फळ मात्र धरीत नाहीं. धरलेंच तर फार उशिरां. चौकशी केली असतां बहुधा असें आढळतें कीं, कपाशीकरितां आणलेल्या युरियाच्या पोत्यांतून जातां-येतां एक-एक मूठ वेलांच्या बुडाशीं पडत असते. पोतें घरांतच असतें, सरकारी अनुदानामुळें स्वस्तहि असतें, आणि वेल हिरवा दिसला म्हणजे टाकणाऱ्यास समाधान वाटतें.

आमचें उभें आयुष्य महसूल खात्यांत हिशेब लिहिण्यांत गेलें. मागणी किती, जमा किती आणि शिल्लक कोठें गेली, हे तीन प्रश्न विचारल्यावांचून कोणतेंहि खातें पुरें होत नाहीं, असें तेथें शिकलों. नत्राच्या बाबतींतहि हेच तीन प्रश्न विचारावे, एवढेंच प्रस्तुत लेखांत सांगावयाचें आहे.

नत्राचें कार्य

वनस्पतीच्या अंगांतील हिरवें द्रव्य व प्रथिनें हीं नत्रावांचून बनत नाहींत. हवेंत सुमारें ७८ टक्के नत्र आहे; पण काकडीच्या वेलास तें घेतां येत नाहीं. तूर, हरभरा, सोयाबीन यांच्या मुळांवरील गांठींत राहणारे जीवाणू हवेंतील नत्र पकडतात. काकडीच्या मुळांस असा सोबती नाहीं. तिला नत्र मातींतूनच, अमोनियम किंवा नायट्रेट या रूपानें मिळालें पाहिजे.

नत्र कमी पडलें तर प्रथम बुडाकडील जुनीं पानें पिवळीं पडतात, कारण वेल त्यांतील नत्र काढून कोंवळ्या शेंड्याकडे नेतो. फळें फिकट, आणि टोंकाकडे निमुळतीं होतात. नत्र अधिक झालें तर याच्या उलट. पेरीं लांबतात, पानें गर्द व लुसलुशीत होतात, मावा व केवडा यांस आयतें खाद्य मिळतें, आणि फुलें व फळें मागें पडतात.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. काकडीच्या वेलावर नर फुलें व मादी फुलें निरनिराळीं येतात. प्रथम नर फुलें येतात व गळून पडतात. मादी फुलें कांहीं दिवसांनीं येतात. मादी फुलाच्या देंठाशीं इवलीशी काकडी दिसते, हीच तिची खूण. आरंभींचीं फुलें गळालेलीं पाहून पुष्कळ लोक घाबरतात व खताची मूठ टाकतात. त्या वेळीं वेलास खताची नव्हे, थोड्या धीराची जरूर असते. मादी फुलें येऊनहि गळत असतील तर मधमाशा येतात कीं नाहीं, हें पाहावें. सकाळच्या वेळीं कीटकनाशक मुळींच फवारूं नये.

मागणी किती?

महाराष्ट्रांत काकडीकरितां सर्वसाधारणपणें हेक्टरीं १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद व ५० किलो पालाश अशी शिफारस करण्यांत येते. हेक्टराचे आंकडे परसबागेस कसे लावावे, येथेंच घोटाळा होतो. म्हणून हिशेब पुरा मांडून दाखवितों.

एका हेक्टरांत १०,००० चौरस मीटर. तेव्हां १०० किलो नत्र म्हणजे दर चौरस मीटरास १० ग्रॅम. मांडवावरील एका वेलास साधारण एक चौरस मीटर जागा धरावी. अर्थात् एका वेलाची संबंध हंगामाची मागणी १० ग्रॅम नत्र.

युरियांत ४६ टक्के नत्र असतें. ४५ किलोच्या एका पोत्यांत २०.७ किलो नत्र झालें. एवढें नत्र, दुसरें कोणतेंहि खत न घालतां, सुमारें अर्ध्या एकर काकडीस पुरतें. आणि आपली सांदवाडी कित्येकदां पाव गुंठ्याचीहि नसते! मोठ्या मुठींत सुमारें ५० ग्रॅम युरिया मावतो, म्हणजे २३ ग्रॅम नत्र. एका वेलाची दोन हंगामांची मागणी एकाच मुठींत पुरी होऊन वर शिल्लक उरते. अशा मुठी हंगामांत चार-पांच वेळां पडल्या तर काय होत असेल, तें वाचकांनींच पाहावें.

जमेची बाजू

नत्र शेणांतून आलें कीं पोत्यांतून आलें, हें मूळ विचारीत नाहीं. दोहोंचें शेवटीं अमोनियम व नायट्रेटच होतें. परंतु जमिनीस मात्र फरक पडतो. युरिया केवळ नत्र देतो. कुजलेलें खत नत्राबरोबर इतर द्रव्येंहि देतें, माती भुसभुशीत ठेवतें व ओल धरून ठेवतें. उन्हाळ्यांत आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो. त्या दिवसांत ओल धरणारी माती हीच काकडीची खरी आई. पाण्याचा ताण पडला म्हणजे काकडी कडू होते, हें सर्वांस ठाऊक आहेच.

कंपोस्टाचा विचार या जिल्ह्यास नवा नाहीं. इंदूर येथें सर आल्बर्ट हॉवर्ड व त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनीं काडीकचरा, शेण, मूत्र मुरलेली माती व राख यांचे थर देऊन, वेळोवेळीं खालीं-वर करून, सुमारें तीन महिन्यांत खत तयार करण्याची रीत बसविली आणि ती १९३१ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली. वर्ध्यास मगनवाडींत अखिल भारत ग्रामोद्योग संघाचें कार्य १९३४ च्या अखेरीस सुरू झालें. त्याचे सूत्रधार जे. सी. कुमारप्पा हे कृत्रिम खतांचे कट्टर विरोधक होते. गांधीजी १९३६ सालीं सेगांवीं राहावयास आले, त्या गांवाचें पुढें सेवाग्राम झालें, आणि मैला व कचरा वायां न घालवितां त्याचें खत करावें, हा आश्रमाचा पाठच होता. दुसऱ्या बाजूस, जर्मनींत फ्रिट्झ हाबर यांनीं १९०९ सालीं हवेंतील नत्रापासून अमोनिया बनविण्याची युक्ति साधली, १९१३ सालीं ओपाऊ येथें तिचा कारखाना निघाला, व पुढें आपल्या देशांतहि सिंद्री येथें १९५१ पासून सरकारी खत तयार होऊं लागलें. या दोन पंथांचा वाद आम्हांस येथें घालावयाचा नाहीं. दोहोंचें देणें एकाच खात्यावर मांडावें, इतकेंच आमचें म्हणणें.

चांगल्या कुजलेल्या शेणखतांत सुमारें अर्धा टक्का नत्र असतें. एका वेलाच्या आळ्यांत ३ किलो शेणखत घातलें तर त्यांत १५ ग्रॅम नत्र आलें. पण तें सर्व पहिल्याच हंगामांत सुटत नाहीं. सुमारें तिसरा हिस्सा, म्हणजे ५ ग्रॅम, हातीं लागतो असें धरावें. मागणी १० ग्रॅम, जमा ५ ग्रॅम. उणें राहिलें ५ ग्रॅम. एवढ्यासाठीं युरिया लागतो ११ ग्रॅम. सपाट भरलेल्या चहाच्या चमच्यांत सुमारें ४ ग्रॅम युरिया मावतो. तेव्हां एका वेलास संबंध हंगामांत तीन सपाट चमचे, आणि वीस वेलांस मिळून पाव किलोहून कमीच युरिया पुरे!

ज्यांस युरिया नको असेल त्यांनीं निंबोळीची पेंड घ्यावी. तिच्यांत सुमारें ५ टक्के नत्र असतें. म्हणून वेलामागें १०० ग्रॅम पेंड बारीक करून, बीं लावण्यापूर्वीं पंधरा दिवस मातींत मिसळावी, कारण ती सावकाश सुटते.

दोन सूचना येथेंच देतों. पहिली, कच्चें शेण, सोयाबीनचें कुटार किंवा बारीक केलेल्या पऱ्हाट्या न कुजवितां आळ्यांत घालूं नये. असा कोरडा कचरा कुजविणारे जीवाणू मातींतीलच नत्र स्वतःकरितां उचलतात आणि वेल उपाशी राहतो. शिवाय वाळवी येते ती निराळीच. दुसरी, चुलीची राख उपयुक्त असली तरी ती युरिया किंवा अमोनियम सल्फेट यांच्याबरोबर एकत्र करूं नये. राखेंतील क्षारामुळें अमोनिया वायुरूपानें उडून जातो.

हप्ते कसे द्यावे?

सारा जसा हप्त्यांनीं भरावा तसेंच नत्रहि हप्त्यांनीं द्यावें.

१. जानेवारी-फेब्रुवारींत किंवा जून-जुलैंत बीं लावण्यापूर्वीं आळ्यांत शेणखत चांगलें मिसळावें. बियाण्याजवळ युरिया मुळींच घालूं नये. त्यापासून सुटणाऱ्या अमोनियानें कोंब जळतो.

२. तीन-चार खरीं पानें आल्यावर, म्हणजे पंधरा-वीस दिवसांनीं, पहिला सपाट चमचा.

३. वेल मांडवावर चढूं लागल्यावर, सुमारें तिसाव्या दिवशीं, दुसरा चमचा.

४. पहिल्या काकड्या धरल्यावर तिसरा चमचा. काकडीची तोडणी पुष्कळ दिवस चालते. प्रत्येक तोडणीबरोबर नत्र घराबाहेर जातें, म्हणून हा शेवटचा हप्ता चुकवूं नये.

युरिया बुडापासून चार-पांच इंच दूर, दोन इंच खोल गोल चर काढून त्यांत घालावा, मातीनें झांकावा व लगेच हलकें पाणी द्यावें. आपली काळी जमीन चुनखडीची व क्षारयुक्त आहे. अशा मातीवर युरिया उघडा पडला म्हणजे त्यांतील नत्राचा मोठा हिस्सा अमोनिया होऊन हवेंत जातो. २०१५ सालापासून देशांतील युरियास निंबाच्या तेलाचा लेप देणें बंधनकारक झालें. लेपामुळें अमोनियमचें नायट्रेट होण्याची क्रिया मंदावते. पण उघड्यावर टाकलेला युरिया उडून जाणें त्यानें थांबत नाहीं.

पानें गर्द हिरवीं असतील तर पुढचा हप्ता देऊंच नये. हप्ता माफ करण्याचा अधिकार येथें शेतकऱ्याच्याच हातीं आहे.

शिल्लक कोठें जाते?

आतां तिसरा व सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. वेलानें न घेतलेलें नत्र मातींत ठेव म्हणून राहत नाहीं. अमोनियमला चिकणमातीचे कण धरून ठेवतात. पण थोड्याच दिवसांत जीवाणू त्याचें नायट्रेट करतात, आणि नायट्रेटला माती धरीत नाहीं. तें पाण्याबरोबर, काळ्या जमिनीच्या भेगांतून, खालीं उतरतें. आणि सांदवाडीच्या खालीं काय असतें? पुष्कळ घरीं पिण्याच्या पाण्याची विहीर किंवा बोअर हाकेच्या अंतरावर असते.

केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ सालच्या अहवालांत, भूजलांतील नायट्रेटचें प्रमाण विशेष चिंताजनक असलेले देशांतील जे पंधरा जिल्हे नमूद आहेत, त्यांत आपला वर्धा जिल्हा आहे. अमरावती, यवतमाळ व बुलढाणा हेहि आहेत. पिण्याच्या पाण्यांत लिटरमागें ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालतें. एक ग्रॅम नत्राचें सुमारें साडेचार ग्रॅम नायट्रेट होतें, आणि तेवढें सुमारें शंभर लिटर स्वच्छ पाणी या मर्यादेपर्यंत नेण्यास पुरे होतें. एका मुठींतील २३ ग्रॅम नत्रापैकीं १० ग्रॅम वेलानें घेतलें असें धरलें तरी १३ ग्रॅम उरलें. तें सर्व पाण्यांत गेलें तर तेराशें लिटर पाण्याचा प्रश्न आला. सर्वच झिरपत नाहीं, कांहीं हवेंत जातें. परंतु आंकडा विचार करण्याजोगा आहे.

नायट्रेटला वास नाहीं, रंग नाहीं. पाणी उकळल्यानें तें जात नाहीं, उलट पाणी आटल्यानें थोडें दाट होतें. सहा महिन्यांच्या आंतील अर्भकास वरचें दूध अशा पाण्यांत कालवून दिलें तर रक्ताची प्राणवायु वाहण्याची शक्ति कमी होते व मूल निळसर पडूं लागतें. प्रसंगीं जिवावर बेततें. अंगावर पिणाऱ्या मुलास हा धोका फार कमी असतो.

सर्व दोष युरियाचाच आहे असेंहि नाहीं. विहिरीशेजारचा उकिरडा, गोठ्याचें ओघळणारें मूत्र, शौचालयाचा खड्डा यांतूनहि नायट्रेट झिरपतें. म्हणून शेणखताचा खड्डा विहिरीपासून दूर व उताराच्या बाजूस असावा, त्यावर पावसाळ्यांत छप्पर असावें, आणि विहिरीच्या पाण्याची परीक्षा भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेंत करून घ्यावी. घरांत तान्हें मूल किंवा गरोदर स्त्री असेल तर ही परीक्षा अवश्य करावी.

तात्पर्य

वेलामागें ३ किलो कुजलेलें शेणखत आणि हंगामांत तीन सपाट चमचे युरिया, हाच काकडीचा जमाखर्च. पोत्याजवळ एक जुना चहाचा चमचा दोरीनें बांधून ठेवावा आणि घरांतील मंडळींस व सालदारास सांगावें कीं, सांदवाडींत मूठ चालत नाहीं, चमचा चालतो. असें केल्यास काकडी वेळेवर धरेल, खताचा खर्च नांवापुरता उरेल, आणि विहिरीचें पाणी पुढच्या पिढीस पिण्याजोगें राहील.