शरीरातील पाण्याचे नियोजन

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. त्या जिल्ह्यातील चाकूर तालुक्यात पाण्याच्या काटकसरीचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. अशीच काटकसर आपले शरीरही अखंड करीत असते.

मूत्रपिंडे दररोज रक्तातून सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यापैकी साधारण दीड लिटरच लघवीवाटे बाहेर पडतो. उन्हात घाम जाऊन रक्तातील क्षारांचे प्रमाण वाढले की मेंदूला त्याची जाणीव होते. तहान लागते आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीतून व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक रक्तात मिसळते. त्याच्या प्रभावाने मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांमधून अधिक पाणी रक्तात परत शोषले जाते. लघवी थोडी व गडद होते. भरपूर पाणी प्यायल्यावर या संप्रेरकाचे प्रमाण घटते. मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींचे अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक मीठ राखून ठेवते. मिठापाठोपाठ पाणीही राहते.

तथापि, संप्रेरके पाणी वाचवितात. निर्माण करू शकत नाहीत. टाकाऊ द्रव्ये बाहेर टाकण्यासाठी दिवसाकाठी निदान अर्धा लिटर लघवी व्हावीच लागते. म्हणून उन्हाळ्यात रोजगार हमीच्या कामांवर व आठवडी बाजारात पिण्याचे पाणी हाताशी असणे ही केवळ सोय नव्हे, आरोग्याची गरज होय. ग्रामपंचायतींनी त्याची तजवीज करावी. स्वच्छतागृहाअभावी मुली पाणी पिण्याचे टाळीत नाहीत ना, याकडे शिक्षकांनी लक्ष द्यावे. मूत्रपिंडाचा वा हृदयाचा विकार असणाऱ्यांनी मात्र पाण्याचे प्रमाण डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवावे.