उशाशी बसून शिकलेले

आपल्या मंडळ्यांतील वडीलधारी माणसे अजून सांगतात की, एके काळी परदेशातून आलेली दूधभुकटी चर्चच्या आवारात वाटली जात असे. त्या मदतीचे मोल कमी नव्हते. पण तिच्याबरोबर एक समजूतही आपल्या मनात रुजली. गरीब देशांतील आजारी लेकराला हवे ते अन्न, औषध आणि पैसा. ज्ञान काय, ते बाहेरून तयार मिळतेच! शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी ही समजूत एकदा तपासून पाहावी, म्हणून या पाठासाठी आम्ही ढाक्याचे उदाहरण घेतले आहे.

१९९६ साली बांगलादेशातील सिल्हेट येथे मोहम्मद जोबायर चिश्ती हे तरुण डॉक्टर रुग्णालयाच्या बालविभागात कामाला लागले. पहिल्याच रात्री त्यांच्या डोळ्यांदेखत तीन मुले न्यूमोनियाने दगावली. या आजारात काहीतरी केलेच पाहिजे, असे त्यांनी त्या रात्री मनाशी ठरवले.

येथे एक गोष्ट नीट समजून घेऊ या. धडधाकट मुलाला न्यूमोनिया झाला की ताप चढतो, धाप लागते, आपल्या आयाबाया म्हणतात तसे 'पोट उडते'. अतिशय कुपोषित मुलात ही लक्षणे पुष्कळदा दिसतच नाहीत. ताप आणण्याइतकीही शक्ती त्या देहात उरलेली नसते. शिवाय त्याला जुलाब होत असतील आणि घाईने शिरेतून सलाइन दिले, तर दुबळ्या हृदयावर भार येऊन मूल हातचे जाऊ शकते. ढाक्याच्या अतिसार संशोधन केंद्रात तहमीद अहमद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा मुलांसाठी उपचारांची एक ठरावीक रीत बसवली: पाणी हळूहळू व शक्यतो तोंडानेच, थोडे थोडे पण वारंवार अन्न, जंतुसंसर्ग गृहीत धरून औषध. १९९९ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मृत्यूचे प्रमाण शेकडा १७ वरून ९ वर आलेले दिसते. नवे औषध एकही नव्हते. रोज तीच मुले पाहणाऱ्या आणि पाहिलेले लिहून ठेवणाऱ्या माणसांचे हे काम होते.

चिश्ती पुढे याच केंद्रात आले व तेथून संशोधनाच्या शिक्षणासाठी ऑस्ट्रेलियात मेलबर्नला गेले. तेथे त्यांनी 'बबल सीपॅप' हे साधन पाहिले. त्यात मुलाच्या श्वासाच्या नळीचे दुसरे टोक पाण्यात बुडवलेले असते. मूल श्वास सोडते तो पाण्याला रेटून, बुडबुडे काढत. त्यामुळे फुप्फुसात थोडा दाब टिकतो, हवेच्या बारीक पिशव्या मिटत नाहीत आणि थकलेल्या मुलाचे श्वासाचे कष्ट कमी होतात. (वर्गात हे दाखवणे सोपे आहे. पाण्याने भरलेल्या ग्लासात नळी आधी थोडीशी, मग तळापर्यंत बुडवून मुलांना फुंकायला सांगावे. नळी खोल गेली की जोर जास्त लागतो, हे त्यांचे त्यांना कळेल.) ढाक्याला परतल्यावर चिश्ती यांनी हेच साधन शाम्पूच्या रिकाम्या प्लास्टिकच्या बाटलीतून तयार केले.

आम्हांला मात्र बाटलीपेक्षा त्यानंतरचे काम मोठे वाटते. युक्ती सुचली म्हणून त्यांनी ती सरसकट सर्वांना लावली नाही. ऑगस्ट २०११ पासून न्यूमोनियाने अत्यवस्थ झालेली आणि रक्तातील प्राणवायू घटलेली पाच वर्षांखालील मुले त्यांनी तीन गटांत विभागली. कोणते मूल कोणत्या गटात, हे डॉक्टरांच्या मर्जीवर नव्हते. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरे. बुडबुड्यांच्या गटातील ७९ मुलांपैकी ३ दगावली. नेहमीच्या मंद प्राणवायूवर ठेवलेल्या ६७ पैकी १० गेली, आणि नाकातून जोराने प्राणवायू दिलेल्या ७९ पैकीही १०. मंद प्राणवायूच्या गटात जास्त मुले दगावत आहेत हे दिसताच प्रयोग ठरल्यापेक्षा आधी थांबवण्यात आला. प्रश्न नेमका विचारणे, मोजणे, आपल्याला आवडलेल्या उत्तराबद्दलही शंका घेणे आणि वेळेवर थांबणे ही शिस्त दूधभुकटीच्या डब्यातून येत नाही. ती शिकवावी लागते आणि शिकायला वर्षे लागतात.

ही शिस्त ज्या त्या जागी का हवी, याचे उत्तर आफ्रिकेतील मलावी देशाने दिले. सलीमा येथील जिल्हा रुग्णालयात २०१५ ते २०१८ या काळात हाच उपाय पारखण्यात आला. तेथे बुडबुड्यांच्या गटात शेकडा १७ मुले दगावली, मंद प्राणवायूच्या गटात ११. उपाय तोच आणि निकाल उलटा! ढाक्यात अनुभवी डॉक्टर खाटेजवळ होते; सलीमाच्या वॉर्डात डॉक्टरांची रोजची देखरेख नव्हती. ढाक्याचे आकडे वाचून कोणी सलीमाला नुसत्या बाटल्या धाडल्या असत्या, तर पुढे काय झाले हे मोजायलाही कोणी नसते.

शिकायला पदवीच हवी असेही नाही. आपल्या गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांनी निरक्षर दायांना बाळाचे श्वास मोजायला शिकवले. एका मिनिटाची वाळूची घडी आणि मण्यांची पाटी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. फार पुढे मोजता न येणारी बाईही त्यावरून न्यूमोनिया ओळखू लागली.

ढाक्याचे केंद्र १९६० साली कॉलऱ्याच्या अभ्यासासाठी परक्या देशांच्या मदतीने उभे राहिले. त्याच्या प्रमुखपदी पहिला बांगलादेशी माणूस बसला तो २०२१ साली, हेच तहमीद अहमद. साठ वर्षे! एवढा वेळ का लागावा, हा प्रश्न आम्हांला अस्वस्थ करतो. वरच्या वर्गातील मुलांपुढे तो जरूर ठेवावा.

पुढे इथिओपियातील बारा रुग्णालयांत हा उपाय पुन्हा पारखला गेला. चिश्ती त्या कामात होते, पण अहवालावर पहिले नाव इथिओपियातील डॉक्टरांचे आहे. तेथील डॉक्टरांना व परिचारिकांना आधी शिकवले गेले, मगच साधन खाटेशी आले. २०२४ साली निकाल प्रसिद्ध झाला, आणि तेथे मुले वाचली.