बांधावरचं गवत, अंगावरचा इसब

लेका, तुझी मान आणि पापण्या बघितल्या तेव्हाच मला वाटलं, हे नुसतं ऊन लागलेलं नाही. कोपराच्या लवणीत तुला लहानपणापासून इसब आहे. तो आपल्या घराण्यातच आहे. कुणाला दमा, कुणाला सकाळी उठल्या उठल्या शिंका, कुणाला हा. पण आता तोंडावर जे उठलंय त्याचं कारण बांधावर शोधायला पाहिजे. उन्हानं कातडी बिघडली तर हनुवटीखालची आणि कानामागची सावलीतली जागा सहसा सुटते. तुझी नेमकी तीच जागा लाल आहे. म्हणजे हवेतून काहीतरी उडून तिथं बसतंय, आणि आपल्या भागात ते बहुतेक वेळा गाजर गवत असतं.

कृषी सहायकाच्या नोकरीत कळंब, वाशी, भूम हा सगळा पट्टा मी पायाखाली घातला. हे गवत नाही असा शिवार मला दाखव. १९५५च्या सुमारास ते पुण्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी नजरेत भरलं. अमेरिकेच्या गव्हाबरोबर आलं असं सांगतात. तिथून मग सडकेच्या कडेनं, रेल्वेच्या रुळानं सगळीकडे. एकेक झाड हजारोंनी बी टाकतं. त्यात पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं, ते काही जणांच्या कातडीला सोसत नाही. गंमत अशी की पहिली पंधरा-वीस वर्षं माणूस हे गवत हातानं उपटतो आणि त्याला काही होत नाही. मग एका पावसाळ्यात एकदम उठतं, आणि एकदा उठलं की दरवर्षी उठतं. वाळलेलं गवतही सोडत नाही. त्याचा भुगा धुळीत मिसळून उडतो. सोयाबीन मळताना खाज सुटली की सगळे सोयाबीनला नावं ठेवतात. ढिगात वाळकं गाजर गवत किती आलंय ते कुणी बघत नाही.

तेव्हा पहिलं हे ऐक: ते गवत तू उपटायचं नाही. गड्याला सांग, फूल यायच्या आधी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट काढायचं. फुलावर आलेलं उपटून बांधावर टाकलं तर बी तिथंच झडतं. पेटवायचंही नाही, धूर तुझ्याच तोंडावर येईल. पडीक तुकड्यावर मृगाच्या आधी तरोट्याचं बी फेकून ठेव, तरोटा दाटला की हे मागं हटतं. मेक्सिकन भुंगाही आहे. १९८४ साली बंगळूरकडे तो पहिल्यांदा सोडला, आणि तो पावसाळ्यात पानं खातो. पण पाऊस सरला की भुंगा जमिनीत जातो आणि गवत पुन्हा डोकं काढतं. एकट्या भुंग्याच्या भरवशावर राहू नको.

रानातून आलास की कपडे बाहेरच उतरव. लेकराला उचलायच्या आधी तोंड, मान, हात धू. आणि धुतलेले कपडे कुंपणावर वाळत घालायची आपल्याकडची सवय बंद कर. त्या कुंपणाखाली काय उगवलंय ते जाऊन बघ. शेवंतीही याच गवताच्या कुळातली आहे. नवरात्रात हार गुंफताना बोटं खाजली तर ते काम दुसऱ्याकडे दे, देवी रागावत नाही.

आता मलमाचं. मेडिकलच्या दुकानात जाऊन “खाजेची ट्यूब द्या” म्हणायचं नाही. मिळते ती बहुतेक वेळा स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि जंतूंचं औषध एकत्र केलेली असते. चार दिवसांत आराम पडतो, म्हणून माणूस ती महिनोन्‌महिने चोळतो. तोंडावरची कातडी पातळ होते, लाल शिरा दिसायला लागतात, आणि थांबवली की दुप्पट उठतं. मुळात गजकर्ण असेल तर ते दबतं आणि आतल्या आत पसरतं. २०१८ साली सरकारनं अशी कितीतरी मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत या यादीत घातली. यादी यादीच्या जागी आहे, दुकान दुकानाच्या जागी.

पण याच्या उलट, स्टिरॉइडचं नाव ऐकून डॉक्टरांनी दिलेलं मलम कपाटात ठेवून देणारेही मी बघितलेत. तेही चुकीचं. इसब पेटलेला असताना ते लावलंच पाहिजे, सांगितलं तितके दिवस, सांगितलं त्या जागी. तोंडाचं वेगळं, हाता-पायाचं वेगळं. किती लावायचं? मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत एक रेघ काढायची, तेवढं मलम दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं.

आणि बिब्बा! म्हाताऱ्या माणसांना अजून वाटतं, जुनाट इसबावर बिब्ब्याचं तेल लावलं की तो जळून जातो. जळते ती कातडी. बिब्बा उतला की पाणी भरलेले फोड येतात, सूज चढते, आणि डाग वर्षभर राहतात. मागं परीट कपड्यांवर बिब्ब्यानं खूण करायचे, तेवढ्यानंसुद्धा माणसांच्या मानेवर उठायचं. लसूण वाटून बांधणं, लिंबू चोळणं, चुना लावणं हेही त्याच माळेतलं. कडुलिंबाच्या पाण्याची आंघोळ सोसत असेल तर कर, पण पाला वाटून उघड्या कातडीवर थापू नको.

रोजचं काम तसं साधं आहे, कंटाळवाणं आहे, आणि माझ्या मते निम्मा इसब त्यानंच आवाक्यात राहतो. आपल्या बोरचं पाणी जड. साबणाचा फेस येत नाही म्हणून आपण अजून साबण घासतो आणि कातडीतलं होतं नव्हतं ते तेल काढून टाकतो. पाणी मऊ करणारं यंत्र घ्यायच्या नादी लागू नको. इंग्लंडात इसब असलेल्या मुलांच्या घरी ते लावून बघितलं, २०११ साली निकाल आला, आणि मुलांच्या इसबाला त्याचा फायदा दिसला नाही. त्यापेक्षा साबण फक्त काखेत, जांघेत, पायाला. पाणी कोमट, कडकडीत नको. गरम पाण्यानं खाजेला बरं वाटतं, खरं आहे, पण तासाभरात व्याजासकट परत येते. पंचानं घासायचं नाही, टिपायचं. आणि अंग दमट आहे तोवरच खोबरेल तेल नाहीतर साधी पांढरी पेट्रोलियम जेली लावायची. वासाची, रंगाची, जाहिरातीतली क्रीम लागत नाही. उन्हाळ्यात चिकट होतं म्हणून सोडू नको, थोडं पातळ लाव. आपल्याकडची थंडी कोरडी, दिवाळीनंतर दिवसातून दोनदा लागेल.

सूनबाईचे हात फुटलेत ते भांड्याच्या साबणानं आणि धुण्याच्या सोड्यानं. रबरी मोज्यांच्या आत सुती मोजे घालायला सांग. नुसत्या रबरात घाम साचून अजून चिघळतं. मिरच्या आणि लसूण सोलायचं काम काही दिवस तू कर, काही बिघडत नाही. पायात जोडव्यांखाली किंवा गळ्यात नकली माळेखाली खाज सुटली तर ते निकेल असतं. टिकलीखाली कातडी खाजली किंवा पांढरी पडायला लागली तर टिकली लगेच बंद.

बाळाच्या गालावर उठलंय, त्याला हळद आणि डाळीचं पीठ लावून रगडणं थांबवा. तेल हलक्या हातानं लावा. नखं आठवड्याला कापा. घोंगडी अंगाला लागू देऊ नका. आजीच्या जुन्या लुगड्यांची गोधडी खाली, घोंगडी वर. आणि वांगं बंद, दही बंद, शेंगदाणे बंद, अंडं बंद असं करत करत लेकराला उपाशी मारू नका. एखादी वस्तू खाल्ल्यावर दरवेळी तासा-दोन तासांत गांधी उठत असतील तर डॉक्टरांना सांगा. उगाच पथ्य धरून मूल वाळतं, इसब आहे तिथंच राहतो.

शेजारपाजारचे विचारतील, हे लागतं का? लागत नाही. एका ताटात जेवा. लागते ती खरूज. रात्री खाज, बोटांच्या बेचक्यात पुरळ, आणि घरातल्या दोघा-तिघांना एकदम. तेव्हा औषध सगळ्यांनी एकाच दिवशी घ्यायचं. आणि चट्टा खाजत नाही, उलट टोचलेलं कळत नाही, असं कुणाचं दिसलं तर त्याला आरोग्य केंद्रात घेऊन जा. ते कुष्ठरोगाचं लक्षण असू शकतं. औषध फुकट मिळतं आणि तो पुरा बरा होतो.

इसबातून पिवळं पाणी येऊन खपली धरली तर त्यात जंतू शिरलेत, दोन दिवसांत दाखव. ताप आला आणि एकसारखे, टाचणीच्या डोक्याएवढे, दुखणारे फोड आले तर दोन दिवसही थांबू नको, त्याच दिवशी जिल्हा रुग्णालय गाठ.

मोठ्या रुग्णालयात पाठीवर पट्ट्या चिकटवून कशाची ॲलर्जी आहे ते तपासतात. सोलापूर-लातूरकडे चौकशी कर. पट्ट्या दोन दिवस राहतात, तेवढ्यात पाठ भिजवायची नाही, आणि काढल्यावर एक-दोन दिवसांनी पुन्हा दाखवायला जावं लागतं. म्हणून पेरणीच्या घाईत जाऊ नको, रब्बी निघाल्यावर जा. जाताना घरातल्या सगळ्या ट्यूब, रिकाम्यासुद्धा, पिशवीत घालून ने.