पाणी पोटात, मग दम का लागतो?



श्वसनाचा पाठ आला की बाटलीचं फुप्फुस आपण सगळेच करतो. तळ कापलेली बाटली, तळाला ताणून बांधलेला फुग्याचा रबर, बुचातून नळी आणि तिच्या टोकाला आत छोटा फुगा. रबर खाली ओढला की फुगा फुगतो. तो रबर म्हणजे आपलं श्वासपटल.

यंदा प्रयोग झाल्यावर एका मुलाने विचारलं, "बाई, आजोबांच्या पोटात पाणी झालंय. पण दम का लागतो? पाणी तर पोटात आहे ना?"

प्रश्न एकदम बरोबर होता. मी त्याला रबराखाली तळहात घट्ट दाबून धरायला सांगितलं आणि दुसऱ्याला रबर ओढायला. रबर खाली येईना, फुगा फुगेना. त्यालाच उलगडलं, पोटातलं पाणी हाताचं काम करतंय!

मागून कुणीतरी "दारू" असं पुटपुटलं. पोराची मान खाली गेली. मी तिथेच सांगितलं, यकृत दारूने बिघडतं, तसंच हिपॅटायटिस बी आणि सी मुळे, यकृतात चरबी साठल्यामुळेही बिघडतं. पोट बघून कारण ठरवायचं नाही.

आता मोठ्यांसाठी थोडं जास्त. यकृतात व्रण होऊन ते कडक झालं (सिरोसिस) की आतड्यांकडून येणाऱ्या रक्ताला वाट मिळत नाही, त्या शिरेतला दाब वाढतो. रक्तात पाणी धरून ठेवणारं अल्ब्युमिन यकृत कमी बनवतं. मूत्रपिंडं मीठ आणि पाणी अडवून ठेवतात. मग पोटाच्या पोकळीत पाणी साचतं, तो जलोदर. कधी कधी दहा लिटरच्या वरही! श्वासपटल वर ढकललं जातं, फुप्फुसांचा खालचा भाग दबतो, श्वास उथळ आणि भरभर होतो. आडवं पडलं की पाणी छातीकडे सरकतं, म्हणून अशी माणसं उशा रचून, टेकून झोपतात. काहींच्या श्वासपटलात बारीक छिद्रं असतात. श्वास घेताना छातीतला दाब कमी होतो आणि पोटातलं पाणी तिकडे ओढलं जातं, बहुतेकदा उजव्या बाजूला.

एक प्रकार मात्र आपली बाटली दाखवू शकत नाही. यकृताच्या आजारात काहींच्या फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्तात प्राणवायू नीट मिसळत नाही. अशांना उलट बसल्यावर जास्त दम लागतो, आडवं झाल्यावर बरं वाटतं.

उपचारात मीठ कमी करणं मोठं (लोणचं, पापड त्यातच आले), लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, आणि पोट फारच ताणलं तर सुईने पाणी काढणं. पाणी काढलं की श्वास लगेच मोकळा वाटतो. पाच लिटरपेक्षा जास्त काढलं तर शिरेतून अल्ब्युमिन देतात. पिण्याचं पाणी मात्र घरच्यांनी आपल्या मनाने तोडू नये, ते डॉक्टर ठरवतात.

पोट दुखून ताप आला, माणूस असंबद्ध बोलायला लागला, रक्ताची उलटी झाली किंवा दम अचानक वाढला, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.