आजोबा तारा झाले का? – चित्रपटानंतर मुलांना पडणारे प्रश्न


सुट्टीच्या दिवशी सारे कुटुंब एकत्र बसून मुलांचा चित्रपट पाहते. रात्री दिवा मालवल्यावर मूल हळूच विचारते, "मम्मी, सिंबाचे बाबा आता कुठे गेले?" आपण दमलेलो असतो. "अरे, ती गोष्ट आहे, झोप आता," असे म्हणून विषय संपवतो.

'द लायन किंग' (१९९४) मध्ये सिंबाचा पिता मुफासा मारला जातो. 'फाइंडिंग निमो' (२००३) च्या सुरुवातीलाच निमोची आई जाते. 'फ्रोझन' (२०१३) मधील दोघी बहिणींचे आईवडील समुद्रात बुडून मरतात. मुलांचे म्हणून निर्धास्तपणे लावलेल्या चित्रपटांतही मरण असतेच. ज्या घरात नुकतेच कोणी वारले आहे, तेथे मूल सिंबाविषयी विचारते, पण त्याच्या मनात आजोबा असतात.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली कुटुंबाला 'गृह-ख्रिस्तसभा' म्हटले आणि आईवडील हे मुलांचे पहिले श्रद्धाशिक्षक असल्याचे सांगितले. म्हणून हे प्रश्न केवळ धर्मशिक्षणाच्या वर्गावर सोपवून चालणार नाही. नेहमी येणारे काही प्रश्न पाहू.

१. "आजोबा तारा झाले का?"

मुफासा सिंबाला सांगतो की पूर्वीचे राजे ताऱ्यांतून आपल्याकडे पाहतात. ऐकायला गोड वाटते, पण आपण तसे सांगू नये. पुढे शाळेत मूल शिकते की तारा म्हणजे तापलेल्या वायूचा गोळा. मग त्याला वाटते, तारा खोटा, तर स्वर्गही खोटाच असेल. 'आजोबा देवदूत झाले' हेही ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीत बसत नाही. देवदूत ही देवाची वेगळी निर्मिती आहे. माणूस मेल्यावर माणूसच राहतो. सरळ सांगावे : "आजोबांचे शरीर आपण दफनभूमीत ठेवले. त्यांचा आत्मा देवाच्या हाती आहे. एक दिवस प्रभू येशू आपल्या सर्वांना पुन्हा उठवणार आहे."

२. "आजोबा झोपलेत का?"

लाझरसविषयी येशूने प्रथम 'तो झोपला आहे' असेच म्हटले होते. शिष्यांना ती साधी झोप वाटली. तेव्हा येशूने उघडपणे सांगितले की लाझरस मेला आहे (योहान ११). मोठी माणसे जेथे चुकीचे समजली, तेथे पाच वर्षांच्या मुलाचे काय? 'झोपले' म्हटले तर मूल झोपायला घाबरते. 'देवाला आवडले म्हणून देवाने नेले' म्हटले तर ते देवाला घाबरते. उद्या देवाला मम्मी आवडली तर? म्हणून 'आजोबा खूप आजारी होते, औषधांनी बरे झाले नाहीत, ते वारले' असे जे घडले तेच सोप्या शब्दांत सांगावे. रडू आले तर मुलासमोर रडावे. लाझरसच्या कबरीजवळ प्रभूही रडला.

३. "मी विसरलो तर आजोबा नाहीसे होतील का?"

'कोको' (२०१७) हा चित्रपट मेक्सिकोतील मृतांच्या दिवसावर आधारलेला आहे. आपणही २ नोव्हेंबरला मृतात्म्यांसाठी मिस्सा अर्पण करतो. कुटुंबाने आपल्या मृतांची आठवण ठेवावी, हा त्यातला धडा मोलाचा आहे. पण त्यात जिवंत माणसे विसरली की मृत माणूस कायमचा नाहीसा होतो. आजोबांचा चेहरा पुसट होऊ लागलेल्या मुलाच्या मनावर याचे मोठे ओझे येते. त्याला सांगावे : "आजोबांना तू नाही, देवाने धरून ठेवले आहे." यशया संदेष्टा म्हणतो की एखादी आई आपल्या बाळाला विसरेल, पण देव विसरणार नाही (यशया ४९). क्रुसावरच्या चोराने येशूकडे 'आठवण ठेव' एवढेच मागितले. येशूने त्याला स्वतःबरोबर स्वर्गात जागा दिली (लूक २३). मग आपण प्रार्थना का करतो? मृतांसाठी प्रार्थना करणे चांगले, असे मक्काबींचे दुसरे पुस्तक शिकवते (अध्याय १२). देवाकडे जाताना त्यांना आपल्या प्रार्थनेची मदत होते. शिवाय प्रेम मरणाने थांबत नाही.

४. "आजोबा भूत होऊन येतील का?"

'भूतनाथ' (२००८) पाहिल्यावर हा प्रश्न हमखास येतो. "नाही. मेलेली माणसे देवाच्या स्वाधीन असतात, ती आपल्याला घाबरवायला येत नाहीत," असे ठामपणे सांगावे. त्या चित्रपटात शेवटी श्राद्ध केल्यावर भूताला मुक्ती मिळते. श्राद्ध ही आपल्या हिंदू शेजाऱ्यांची श्रद्धा आहे. तिची थट्टा करू नये, हेही त्याच वेळी शिकवावे.

५. "तूपण मरशील का?"

हा सर्वांत अवघड प्रश्न. 'छे, मी नाही मरणार' हे खरे नाही. मुलाला खरे तर विचारायचे असते, "मग मला कोण सांभाळील?" त्याचे उत्तर द्यावे : "एक दिवस सगळेच मरतात. मला खूप वर्षे तुझ्याबरोबर राहायचे आहे. आणि काही झालेच, तर डॅडी आहेत, आजी आहे, तुझे धर्मपिता आणि धर्ममाता आहेत. तू एकटा पडणार नाहीस."

उत्तर देण्यापूर्वी मुलाला "तुला काय वाटतं?" असे विचारावे, खरी भीती कोणती ते कळते. उत्तर दोन-तीन वाक्यांत द्यावे. ठाऊक नसेल तर "आपण फादरांना विचारू" म्हणावे. तोच प्रश्न पुन्हा आला तर रागावू नये. मूल तेच उत्तर पुन्हा ऐकून धीर घेत असते.

प्रत्येक 'नमो मरिया' म्हणताना आपण मरणाच्या घडीचा उल्लेख करतो. मुले तो रोज ऐकतात. या आठवड्यात एका संध्याकाळी रोझरीनंतर थोडा वेळ थांबा, घरातील मृतांची नावे मुलांना घेऊ द्या आणि एकत्र म्हणा :

हे प्रभू येशू, आमची माणसे तुझ्याजवळ आहेत. त्यांना सांभाळ, आम्हांला धीर दे आणि एक दिवस आम्हां सर्वांना तुझ्या घरी एकत्र आण. आमेन.