उमेदवार ठरवतं कोण?

प्रश्न : अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवारही लोकच मतदानाने ठरवतात म्हणे. मग आयोवा, न्यू हॅम्पशायर अशा चिमुकल्या राज्यांचाच एवढा गाजावाजा का? ही पद्धत कोणी सुधारत नाही का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : सुधारतात, पण हात पोळल्यावर. १९६८ साली ह्युबर्ट हम्फ्री यांनी एकही प्रायमरी (राज्याराज्यांत उमेदवारीसाठी होणारे मतदान) न लढवता डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मिळवली. शिकागोच्या अधिवेशनात आत पुढाऱ्यांची जुळवाजुळव आणि बाहेर व्हिएतनाम युद्धाच्या विरोधकांवर पोलिसांच्या लाठ्या. मग मॅकगव्हर्न-फ्रेझर आयोगाने पुढाऱ्यांच्या हातून दोऱ्या काढून घेतल्या. पुढची उमेदवारी मिळाली खुद्द त्या आयोगाच्या मॅकगव्हर्न यांना, आणि १९७२ मध्ये ते ५० पैकी ४९ राज्यांत हरले! धास्तावलेल्या पक्षाने १९८४ पासून ‘सुपरडेलिगेट’ आणले : खासदार, गव्हर्नर, पदाधिकारी, अधिवेशनात मत द्यावे मर्जीप्रमाणे. २०१६ मध्ये उमेदवारीच्या शर्यतीतल्या बर्नी सँडर्स यांच्या समर्थकांनी त्यावरून रान उठवले, तेव्हा २०१८ मध्ये चुरस असेल तर पहिल्या फेरीपुरते त्यांचे मत काढून घेतले गेले.

हे झाले मताचे. खरी मेख आहे ती राज्यांच्या क्रमात. आधी जिंकणाऱ्याकडे देणग्या आणि कॅमेरे धावतात. हरणारे गाशा गुंडाळतात. उशिरा मत देणाऱ्यांच्या वाट्याला मग उरलेसुरले येते.

पहिला मान असलेल्या आयोवात डेमोक्रॅट्सचा ‘कॉकस’ २०२० पर्यंत असा चाले : थंडीतली संध्याकाळ, शाळेचा व्यायामहॉल, एकेका उमेदवाराच्या नावाखाली घोळका. सर्वांसमोर मोजणी, गुप्तता शून्य. घोळका १५ टक्क्यांखाली भरला की शेजारीपाजारी त्यातल्यांना ‘आमच्याकडे या’ म्हणून ओढणार. रात्रपाळीवाल्याने किंवा तान्ह्या बाळाच्या आईने काय करायचे? २०२० मध्ये ॲप कोलमडले, निकाल रखडला, तेव्हा कुठे पक्षाचे डोळे उघडले.

२०२४ साठी डेमोक्रॅट्सनी पहिला मान साउथ कॅरोलायनाला दिला. न्यू हॅम्पशायरने जुमानले नाही. आपली प्रायमरी सर्वांत आधी झालीच पाहिजे, असा त्या राज्याचा कायदाच आहे. पक्षाचा नियम विरुद्ध राज्याचा कायदा, हे त्रांगडे सोडवणार कोण? तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बायडन यांचे नाव तिथल्या मतपत्रिकेवर नव्हते. मतदारांनी ते हाताने लिहून त्यांना जिंकवले.

मला पटणारा उपाय जुनाच आहे : देशाचे चार विभाग करायचे आणि पहिली पाळी दर निवडणुकीला फिरती ठेवायची. राज्यांच्या निवडणूक अधिकाऱ्यांच्या संघटनेने १९९९ मध्ये तसा आराखडा मांडलाही होता. मात्र त्यातही आयोवा आणि न्यू हॅम्पशायर यांचा पहिला मान कायमच ठेवला होता!