डोळे आले तरी ड्यूटीवर

२०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर डोळ्यांची साथ आली, तेव्हा रुग्णसंख्येत बुलढाणा जिल्हा सर्वांत पुढे होता. अशा साथीत दवाखान्यातल्या माणसांचेही डोळे येणार, यात नवल नाही. त्यावर आपल्याकडची रूढ तोड म्हणजे काळा चष्मा लावून ड्यूटीवर हजर व्हायचं. ही तोड फसवी आहे. डोळ्यांची साथ नजरेने पसरत नाही, हातांनी पसरते. डोळा चोळलेला हात केसपेपरला लागतो, दाराच्या कडीला लागतो आणि तोच हात पुढच्या पेशंटची पापणी ओढून थेंब टाकतो. अशा साथींमागे बरेचदा असणारा अॅडिनोव्हायरस कोरड्या पृष्ठभागावर कित्येक दिवस तग धरतो. डोळे तपासण्याच्या खोलीतूनच साथ पसरल्याच्या नोंदी वैद्यकशास्त्रात जुन्या आहेत. चष्म्याने फार तर उजेडाचा त्रास कमी होतो.

हे डॉक्टर-सिस्टरांना कळत नाही असं कुणी समजू नये. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयात झालेली एक पाहणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. आपण आजारी असताना काम केलं तर पेशंटला धोका होतो, हे तिथल्या ९५ टक्के डॉक्टर-परिचारिकांना मान्य होतं. तरीही वर्षभरात एकदा तरी तसं काम केल्याचं ८३ टक्क्यांनी सांगितलं. कारण विचारल्यावर जवळजवळ सगळ्यांनी सहकाऱ्यांवर भार पडू नये असं म्हटलं, त्याखालोखाल माणसं कमी असल्याचं. आपल्यापेक्षा जास्त मनुष्यबळाच्या दवाखान्यात ही गत, तर आपल्या ग्रामीण रुग्णालयात काय असेल ते वेगळं सांगायला नको. म्हणूनच भिंतीवर आणखी एक सूचनाफलक लावून काही साधणार नाही. संसर्ग रोखण्यासाठी हातमोजे जसे दवाखान्याने पुरवायचे, तशीच आजारपणाची रजा आणि तिच्यामागे उभा राहणारा बदली माणूसही दवाखान्यानेच पुरवायचा. ती कर्मचाऱ्यावर केलेली मेहेरबानी नव्हे.

आड येतो तो आपल्या मनातला त्यागाचा आदर्श. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस अपस्माराचे झटके येत असतानाही चीनमध्ये काम करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी गेले. त्यांच्याबद्दलचा आदर रास्तच आहे. पण अपस्मार संसर्गजन्य नसतो. कोटणिसांनी जोखीम घेतली ती मुख्यतः स्वतःच्या जिवाची. फ्लूचा ताप अंगात घेऊन नवजात बाळांच्या कक्षात शिरणारा माणूस जी जोखीम घेतो, ती त्या बाळांच्या जिवाची असते, आणि त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

आजारी कर्मचाऱ्याने घरी थांबावं, यावर सर्वांत वजनदार आक्षेप उपकेंद्रांचा आहे. सपाटीवर पाच हजार लोकांमागे एक उपकेंद्र हा निकष, आदिवासी भागात तीन हजारांमागे. जळगाव जामोद किंवा संग्रामपूरकडे, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावात एएनएम ताई घरी बसल्या तर लसीकरण कोण करणार? खरं आहे, पण लसीकरणाचा चुकलेला दिवस पुढच्या आठवड्यात भरून काढता येतो. त्या दिवशी रांगेतल्या तान्ह्या बाळांना दिलेला फ्लू मात्र परत घेता येत नाही. बाळंतपणाचं वेगळं. कळा लागलेल्या बाईला गुरुवारी या म्हणता येत नाही. दुसरं कुणीच नसेल तर मास्क-हातमोजे घालून आजारी सिस्टरने ते करणंच बरं. फक्त हा निर्णय वैद्यकीय अधिकाऱ्याने घ्यावा, आजारी माणसाच्या संकोचावर सोडू नये. आशाताईंचा प्रश्न तर याहून सरळ आहे. त्यांच्या मोबदल्याचा काही भाग कामागणिक मिळतो, म्हणजे तापाने पडून राहिलं की ते पैसे बुडाले. अशा बाईला घरी थांबा म्हणायचं असेल, तर त्या दिवसांचे पैसे आधी द्यावे लागतील.

रजेचा गैरफायदा घेतला जाईल, असंही म्हणतात. काही जण घेतीलही. पण हिशेब दोन्ही बाजूंनी मांडावा. एप्रिल २०२० मध्ये मुंबईच्या वोक्हार्ट रुग्णालयात २६ परिचारिका आणि ३ डॉक्टर कोरोनाबाधित निघाले आणि अख्खं रुग्णालय प्रतिबंधित क्षेत्र जाहीर झालं. लागण कुठून सुरू झाली हा वेगळा विषय. पण कर्मचाऱ्यांत संसर्ग शिरला की दवाखान्याचं दारच बंद होतं, हे तिथे दिसलं. चार खोट्या रजा त्यापुढे स्वस्त.

मग थांबायचं कधी आणि किती? पॅरासिटामॉल न घेता २४ तास ताप नसेपर्यंत. गोळीने उतरलेला ताप म्हणजे बरं होणं नव्हे, आणि ही चूक सगळ्यांत जास्त आम्ही डॉक्टरच करतो. उलट्या-जुलाब थांबल्यावर आणखी ४८ तास. डोळ्यांतली घाण आणि पाणी पूर्ण थांबेपर्यंत. कांजिण्यांच्या सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत. दोन आठवड्यांवर खोकला राहिला तर दुसऱ्यांच्या थुंकीचे नमुने पाठवणाऱ्याने स्वतःचाही पाठवावा, कारण दवाखान्यात काम करणाऱ्यांना क्षयरोग इतरांपेक्षा जास्त गाठतो.

वाचकांचाही यात वाटा आहे. सिस्टर रजेवर आहेत म्हटल्यावर काउंटरवर आवाज चढवणारे आपणच, आणि त्या आवाजाच्या धाकाने पुढच्या वेळी ताप अंगावर काढला जातो. उलट, समोरच्या सिस्टरचे डोळे लाल दिसले तर ‘ताई, थेंब दुसऱ्या कुणी टाकतील का?’ असं शांतपणे विचारण्यात काही वावगं नाही. विशेषतः घरात तान्हं बाळ, गरोदर बाई किंवा डायलिसिसवरचा माणूस असेल, तर जरूर विचारा.